महापेच्या नळाला नक्की कुठलं पाणी येतं? मोरबे, बारवी आणि तिसरं पाणी

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे बघा' आणि 'काय म्हणत होते मी' काढून टाकलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)

घणसोली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत असाल, शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर महापे एमआयडीसीत लंच ब्रेकनंतर फेऱ्या मारत असाल. कुठेही असा, आजचे वीस मिनिटं मला द्या.

विषय आहे पाणी. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. 'दात घासताना नळ बंद ठेवा' हे सांगायला मी आलेली नाही. ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आज एका प्रश्नाचं उत्तर शोधायचंय, जो मला बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. प्रश्न असा: "मी राहतो कोपरखैरण्यात, काम करतो महापेत. घरी पाणी नसतं त्या दिवशी ऑफिसात असतं, ऑफिसात नसतं त्या दिवशी घरी असतं. दोन्हींत अंतर दहा मिनिटांचं. शहर तर एकच आहे ना?"

शहर एकच आहे, पण पाणी एक नाही.

एक शहर, दोन धरणं

आधी घरचं पाणी बघू. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 ला सुरू झाला. सुरुवातीला पाणी दुसऱ्यांकडून विकत घ्यावं लागायचं. मग महापालिकेने रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण आपल्या ताब्यात घेतलं. धावरी नदीवरचं हे धरण आहे चौकजवळ, माथेरानच्या डोंगरांच्या पायथ्याच्या बाजूला. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका देशात फार थोड्या, त्यात आपली एक. मोरबेचं पाणी भोकरपाडा इथल्या केंद्रात शुद्ध होतं आणि मोठ्या जलवाहिनीतून बेलापूरकडून वर वर येत दिघ्यापर्यंत जातं.

आता ऑफिसचं पाणी. महापे, पावणे, रबाळे, तुर्भे हा सगळा औद्योगिक पट्टा टीटीसी म्हणून ओळखला जातो. टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, खाडीपलीकडचा भाग. मुंबईकडून बघितलं तर आपण पलीकडचे! हा पट्टा एमआयडीसीचा, आणि एमआयडीसी जन्मली 1962 मध्ये. सिडको आली 1970 मध्ये आणि महापालिका त्यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे इथे कारखाने आधी आले, शहर नंतर आलं. कारखान्यांसाठी पाण्याची सोय वेगळी झाली ती तेव्हापासून. ते पाणी येतं बदलापूरजवळच्या बारवी धरणातून. बारवी ही उल्हास नदीला मिळणारी नदी. पाणी शुद्ध होतं अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळ इथे, आणि मग ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना आणि औद्योगिक वसाहतींना वाटलं जातं.

तर कोपरखैरण्यातल्या इमारतीत मोरबे, आणि महापेतल्या गाळ्यात बारवी. दोन धरणं, दोन पाइप, दोन कार्यालयं, दुरुस्तीचे दोन वेगळे दिवस. मध्ये अशाही वस्त्या आहेत जिथे महापालिका एमआयडीसीकडून घेतलेलं पाणी देते. तिथल्या माणसाला बिल एकाचं आणि पाणी दुसऱ्याचं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हाच गोंधळ होतो.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा. मोरबेचं पाणी दक्षिणेकडून येतं. बेलापूरला आधी, दिघ्याला सर्वांत शेवटी. कुठल्याही लांब पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला दाब कमी असतो. चाळीत तळमजल्याच्या सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते ना, तसंच. त्यामुळे टोकाकडच्या वस्त्यांसाठी वरच्या बाजूला वाया गेलेलं पाणी म्हणजे नुसता आकडा नसतो, त्यांची कळशी अर्धी राहते.

एमएलडी म्हणजे किती हो?

पाण्याच्या बातमीत एक शब्द सारखा येतो, एमएलडी. दशलक्ष लिटर प्रतिदिन. 1 एमएलडी म्हणजे रोज 10 लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, असे शंभर टँकर.

मोरबे योजनेची क्षमता 450 एमएलडी. म्हणजे रोजचे 45 हजार टँकर. धरणात पूर्ण भरल्यावर साठा किती? 190.89 दशलक्ष घनमीटर. आता फोनवर कॅल्क्युलेटर उघडा. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. एकूण साठ्याला रोजच्या 450 एमएलडीने भागलं तर येतात साधारण 424 दिवस.

अरे वा, वर्षापेक्षा जास्त! मग कपात कशाला? कारण हा कागदावरचा हिशोब आहे. तळाचं सगळं पाणी उचलता येत नाही. उन्हाळाभर उघड्या पाण्याची वाफ होत राहते. धरण दरवर्षी काठोकाठ भरतंच असं नाही. आणि पाऊस 1 जूनला हजेरी लावतोच असंही नाही. 2023 चा उन्हाळा आठवतोय? एल निनोमुळे पाऊस लांबेल अशी भीती होती, आणि नवी मुंबईत एप्रिलअखेरपासून विभागवार आठवड्यातून एकदा संध्याकाळचं पाणी बंद ठेवलं होतं. धरणात तेव्हा पाणी होतं. पण मेमध्ये आठवड्याला एक संध्याकाळ सोडली तर जुलैमध्ये रोज नळासमोर रांग लावायची वेळ येत नाही, असं ते गणित.

म्हणून पावसाळ्यात 'धरण 80 टक्के भरलं' अशी बातमी आली की नुसतं टाळ्यांचं इमोजी टाकू नका. गेल्या वर्षी याच तारखेला किती होतं, ते बघा. खरी माहिती त्या तुलनेत असते.

शटडाऊनचा मेसेज कसा वाचायचा

आता सोसायटीच्या ग्रुपवर येणारा तो मेसेज. 'मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामासाठी अमुक वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. दुसऱ्या दिवशी कमी दाबाने येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.' यात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, तारीख. हसू नका. गेल्या वर्षीचा मेसेज या वर्षी फिरतो आणि अख्खी सोसायटी बादल्या भरून बसते. तारीख आणि वार जुळतात का, एवढं बघितलं तरी निम्मी घबराट कमी होते. शंका असेल तर महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या अधिकृत पानावर जाऊन खात्री करा आणि मगच पुढे पाठवा.

दुसरी, मेसेज कुणाचा? महापालिकेचा की एमआयडीसीचा? एमआयडीसीचा असेल तर तुमच्या ऑफिसवर परिणाम होईल, घरावर होईलच असं नाही. आणि उलट.

तिसरी, कुठली वाहिनी? मुख्य जलवाहिनी म्हणजे मोठं काम, परिणाम अनेक विभागांवर. अंतर्गत वाहिनी म्हणजे एखाद-दोन सेक्टर.

चौथी, ते 'कमी दाबाने' प्रकरण. काम तर संध्याकाळी संपलं, मग पाणी दुसऱ्या दिवशीही का रडत रडत येतं? कारण कित्येक किलोमीटरचा पाइप रिकामा झालेला असतो. तो आधी भरतो, मग उंच टाक्या भरतात, मग आपल्या गल्लीतली लाइन, मग सोसायटीची खालची टाकी. पाइपात अडकलेली हवा बाहेर पडते, म्हणून नळ फुस्स फुस्स करतो. रिकाम्या पाइपात पाणी जोरात शिरलं की तळाला बसलेला गाळ हलतो, म्हणून पहिलं पाणी थोडं गढूळ. ते ओतून देऊ नका, लादी पुसायला वापरा. प्यायचं पाणी स्वच्छ धार आल्यावर भरा.

आणि शटडाऊनच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? घरातलं प्रत्येक भांडं, टब, बादली भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी नवीन पाणी आलं की 'शिळं' म्हणून ओतून देतो. हजारो घरांत हेच झालं तर कपातीच्या आसपास पाणी वाचत नाही, उलट जास्त लागतं. झाकून ठेवलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नाही.

मग अजून एक धरण बांधू ना!

हा प्रश्न मला हमखास येतो. बांधता येतं. पण धरण काही फुकट येत नाही, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये.

बारवीचंच घ्या. धरण 1970 च्या दशकातलं. मागणी वाढत गेली तशी त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. उंची वाढवायची म्हणजे मागे पाणी पसरणार, आणि तिथे गावं होती, पाडे होते. पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षं चालला. प्रत्येक बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी द्यावी, आणि ती पाणी घेणाऱ्या महापालिकांनी आणि एमआयडीसीनेही द्यावी, असं ठरलं. 2019 च्या पावसाळ्यात वाढवलेल्या उंचीपर्यंत पाणी साठलं. आज बारवीची क्षमता 340 दशलक्ष घनमीटरच्या आसपास आहे. आपल्या ऑफिसच्या वॉशरूममध्ये जे पाणी आपण एका बटणाने सोडून देतो, त्याच्याखाली कुणाचं तरी घर आणि शेत गेलेलं आहे. हे अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. किंमत माहीत असावी म्हणून सांगते.

पुढचीही तयारी चालू आहे. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना मान्यता दिली, मुंबई महानगरातल्या शहरांना पाणी मिळावं म्हणून. खर्च हजारो कोटींचा. तिकडे मुरबाड तालुक्यातलं काळू धरण वनजमीन आणि विस्थापनाच्या प्रश्नांवरून कित्येक वर्षं अडकून आहे. म्हणजे आज मंजूर झालेलं धरण उद्या नळाला येत नाही. मध्ये दहा-वीस वर्षं जाऊ शकतात, आणि दरम्यान शहर काही थांबत नाही.

मग या मधल्या काळात पाणी आणायचं कुठून?

तिसरं पाणी

या भागात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. तिसरं पाणी आपल्याकडे आधीपासून आहे. रोज येतं, पावसाची वाट बघत नाही. ते म्हणजे आपणच वापरून सोडलेलं पाणी.

नाक मुरडू नका, आधी ऐका. नवी मुंबईत मलप्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता 454 एमएलडी आहे. नेरूळ, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, बेलापूर, सगळीकडे ही केंद्रं आहेत. त्यांत सांडपाणी मोठ्या टाकीत घेतात, खालून हवा सोडतात. हवेवर जगणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. मग हवा बंद करतात, गाळ तळाला बसतो आणि वरचं नितळ पाणी काढून घेतात. एकाच टाकीत पाळीपाळीने हे सगळं चालतं. 2021 मध्ये शहराला 'वॉटर प्लस' हा केंद्र सरकारचा दर्जा मिळाला, तो याच व्यवस्थेसाठी: सांडपाणी प्रक्रिया न करता बाहेर सोडायचं नाही आणि शक्य तितकं पुन्हा वापरायचं.

पण नितळ दिसणारं हे पाणी बरीच वर्षं मुख्यतः खाडीतच जायचं. थोडं उद्यानांना, रस्त्याच्या दुभाजकांवरच्या झाडांना. महापालिकेने मग पुढचं पाऊल टाकलं. केंद्राच्या अमृत योजनेतून कोपरखैरणे आणि ऐरोली इथे प्रत्येकी 20 एमएलडीचे टर्शिअरी ट्रीटमेंट प्लांट उभे केले. टर्शिअरी म्हणजे तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया. आणि हे पाणी द्यायचं कुणाला? टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांना. त्यासाठी एमआयडीसीशी करार, वेगळी पाइपलाइन, आणि दर एमआयडीसीच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा कमी.

तिसऱ्या टप्प्यात होतं काय? अल्ट्राफिल्ट्रेशन. अतिसूक्ष्म छिद्रं असलेल्या नळ्यांच्या जुड्यांमधून पाणी ढकलतात. छिद्र जिवाणूपेक्षा कितीतरी पटींनी लहान, त्यामुळे जिवाणू आणि गाळाचे कण अडकतात. मग अतिनील किरणांखालून पाणी नेतात, उरलेसुरले जंतू निकामी होतात. विरघळलेले क्षार मात्र यातून निघत नाहीत. म्हणून बॉयलरसाठी किंवा औषधाच्या कारखान्यासाठी पाणी हवं असेल तर त्या कंपनीला स्वतःचं आरओ लावावं लागतं. पण कूलिंग टॉवर, बाग, फ्लश, धुणंपुसणं, बांधकाम, यांना असंच चालतं.

आता पुन्हा कॅल्क्युलेटर. दोन्ही प्लांट मिळून 40 एमएलडी. शहरात घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण. 40 एमएलडीला 135 ने भागा. जवळजवळ 3 लाख माणसांचं रोजचं पाणी! वर्षाचा हिशोब केला तर मोरबेच्या पूर्ण साठ्याच्या साडेसात टक्क्यांएवढं. हे पाणी बारवीचं वाचतं, आणि बारवीवर अवलंबून असलेल्या शहरांना सुटतं. एकही गाव न बुडवता.

अर्थात 40 ही क्षमता आहे. क्षमता असणं वेगळं आणि रोज तेवढं पाणी खरंच विकलं जाणं वेगळं. त्याच्याकडे येतेच.

तुमची रील आणि पाण्याचा थेंब

तुम्ही आत्ता हा भाग ज्या फोनवर वाचताय, त्याचाही इथे संबंध आहे. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोठमोठी डेटा सेंटर्स उभी राहिलीत. जुन्या केमिकल कंपन्या गेल्या, त्या जागी खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती आल्या. आपण ज्याला 'क्लाऊड' म्हणतो तो ढग आकाशात नसतो, तो ठाणे-बेलापूर रस्त्यालगतही असतो.

सर्व्हर वीज खातो आणि तिची उष्णता करतो. ती काढायची एक पद्धत म्हणजे कूलिंग टॉवर. घामाचंच तत्त्व, पाण्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन जाते. 1 मेगावॅट उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने काढायची तर दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाण्याची वाफ करावी लागते. हे भौतिकशास्त्राचं गणित आहे, कुठल्या एका कंपनीचा आकडा नाही. 135 च्या हिशोबाने हे अडीचशेहून जास्त माणसांचं पाणी. सगळी डेटा सेंटर्स असं करत नाहीत. काही ठिकाणी हवेवर चालणारे चिलर असतात. त्यांना पाणी फारसं लागत नाही, पण वीज जास्त लागते. आणि हे फक्त डेटा सेंटरचं नाही, प्रत्येक मोठ्या एसी इमारतीच्या गच्चीवरच्या टॉवरचं गणित हेच.

तर प्रश्न असा: ही वाफ व्हायला पिण्याचं पाणी हवंय का? शुद्ध करून, क्लोरीन टाकून, बदलापूरहून एवढ्या लांब आणलेलं पाणी, आकाशात सोडून द्यायला? तिथे तिसरं पाणी का नाही?

मग सगळीकडे ते वापरत का नाहीत?

अडचणी खऱ्या आहेत, त्याही सांगते.

एक, पाइप. तिसऱ्या पाण्याला वेगळी लाइन लागते, रस्त्याखाली आणि इमारतीच्या आतही. जुन्या इमारतीत फ्लशला आणि वॉश बेसिनला एकाच टाकीतून पाणी येतं. ते वेगळं करायचं म्हणजे भिंती फोडायच्या. नवीन बांधकामात सुरुवातीलाच दोन लाइन टाकल्या तर खर्च थोडा, नंतर करायला गेलं तर डोकेदुखी.

दोन, चुकीची जोडणी. दोन लाइन एकमेकींना चुकून जोडल्या गेल्या तर आजारपण नक्की. म्हणून पाइपांचे रंग वेगळे, नळांवर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी, आणि काम फक्त जाणत्या प्लंबरकडून. यात जुगाड नको.

तीन, भरवसा. कारखान्याला रोज एकाच दर्जाचं पाणी हवं असतं. एक दिवस खराब आलं तर मशीन बंद. त्यामुळे कंपन्या दोन्ही जोडण्या ठेवतात आणि सवयीच्या पाण्याकडे वळतात. चाचणीचे आकडे नियमित आणि उघडपणे मिळाले तर हा भरवसा वाढेल.

चार, मानसिकता. पण हे कुणी केलेलंच नाही, असंही नाही. चेंबूरचा आरसीएफ खत कारखाना 2000 च्या सुमारापासून मुंबईचं सांडपाणी शुद्ध करून वापरतोय. नागपूरमध्ये भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. सिंगापूरने 2003 मध्ये 'न्यूवॉटर' सुरू केलं. आणि नामिबिया देशाची राजधानी विंडहुक, वाळवंटाच्या कडेचं शहर, 1968 पासून असं पाणी चक्क पितंय! आपल्याला प्यायचं नाहीये. फक्त फ्लश करायचाय.

आपल्याला काय करता येईल?

घरापासून सुरू करू. नवी मुंबईत कित्येक वर्षं महिन्याला 30 हजार लिटरपर्यंत घरगुती पाण्याचा दर 50 रुपये असा राहिलाय. दोन-अडीच वडापावांची किंमत. चार माणसांच्या घराला 30 हजार लिटर म्हणजे माणशी रोज 250 लिटर, सरकारी प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट. पाणी स्वस्त आहे ही चांगलीच गोष्ट आहे, गरिबालाही परवडतं. पण पाणी वाया गेलं तर ते बिलात जाणवत नाही. म्हणून मोजून बघा. सोसायटीचा मीटर रात्री झोपताना बघा, पहाटे कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. टाकी भरलेली असताना आकडा सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा फ्लशच्या टाकीत किंवा खालच्या टाकीच्या बॉलकॉकमध्ये. दुरुस्ती काही शे रुपयांत होते.

घरात आरओ आहे? एक लिटर प्यायचं पाणी देताना तो साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. कोकणपट्टीच्या धरणाच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतात. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की ज्या पाण्याचा टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरू नये. स्वस्तात टीडीएस मीटर मिळतो, सोसायटीत एक घ्या आणि सगळ्यांनी मोजा. आकडा कमी असेल तर यूव्ही फिल्टर पुरतो का, ते बघा. आरओ ठेवायचाच असेल तर त्याची बाहेरची नळी बादलीत सोडा.

आता ऑफिस. माझ्या मते खरा फरक इथे पडेल. तुमच्या कंपनीच्या अ‍ॅडमिनला किंवा फॅसिलिटीवाल्या दादांना तीन प्रश्न विचारा. एक, आपल्या फ्लशमध्ये आणि बागेत कुठलं पाणी जातं? दोन, गच्चीवरच्या कूलिंग टॉवरला कुठलं पाणी लागतं, दिवसाला किती, आणि त्याला वेगळा मीटर आहे का? तीन, प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाइन आपल्या रस्त्यापर्यंत आली आहे का, आणि आली असेल तर आपण जोडणी घेतलीय का?

भांडायला जाऊ नका. बहुतेक वेळा त्यांनाही आवडेल की कुणीतरी विचारलं. दर कमी असेल तर अकाउंट्सवालेही ऐकतील. आणि हो, पावसाचं पाणी. आपल्याकडे वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 1000 चौरस मीटरच्या शेडवर एका पावसाळ्यात 20 लाख लिटर पाणी पडतं. सगळं साठवता येणार नाही, पण जून ते सप्टेंबर फ्लशला तेच वापरलं तरी चार महिने बारवीचं पाणी तिथेच राहील, उन्हाळ्यासाठी.

तर पुढच्या वेळी 'पाणी वाचवा' ही पाटी दिसली की नळ बंद कराच. पण त्यासोबत हेही विचारा, की हे काम कुठल्या पाण्याने होतंय? पिण्याचं पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, अंघोळीसाठी. बाकीच्या कामांना तिसरं पाणी. हे जमलं तर पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाची कळशी भरेल, आणि डोंगरापलीकडच्या गावाला आपल्यासाठी घर सोडावं लागणार नाही.

ते तीन प्रश्न विचारले आणि काही भारी उत्तर मिळालं, तर मला नक्की कळवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवीन. कंपनीचं नाव नको, उत्तर पुरे.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि बाटलीत उरलेलं पाणी टेबलावरच्या झाडाला घाला. बाय!